३६५ मिलिमीटरचं वर्ष

डिसेंबर लागला की ‘यंदा किती पुस्तकं वाचली’ याच्या याद्या झळकायला लागतात. कुणाची २४, कुणाची ५२, कुणी शंभरी गाठलेली. आकडा खोटा नसतो, पण मुका असतो. ५२ पैकी ३० पुस्तकं एप्रिल-मेमध्येच संपली आणि जून ते सप्टेंबर एकही नाही, हे त्यात दिसत नाही. जूनमध्ये घर बदललं, जुलैत वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, ऑगस्टमध्ये नवी नोकरी लागली, हे तर त्या यादीत कुठेच नसतं. वाचन एका यादीत आणि आयुष्यातले टप्पे दुसरीकडे, असं ठेवलं की दोन्ही याद्या लंगड्या राहतात. दोन्ही एकाच कागदावर, एकाच मापाने मांडायच्या, एवढीच ही पद्धत आहे. पण त्याआधी नोंदी खऱ्या लागतात, आणि खरी गडबड तिथेच होते.

वहीपासून सुरुवात करू. जानेवारीत उत्साहाने बारा रकान्यांची वही आखणारे लोक फेब्रुवारीत ती माळ्यावर टाकतात. पाच रकाने पुरतात: सुरू केल्याची तारीख, संपल्याची किंवा सोडल्याची तारीख, पुस्तक आणि लेखक, पानं, कुठून आलं. साधं दोनशे पानी लाँगबुक घ्या, आडवं धरा, समोरासमोरची दोन पानं मिळून एक तक्ता होतो. सहावा रकाना हवाच असेल तर अनुवादकाचा ठेवा. तो फार कमी लोक ठेवतात आणि नंतर पस्तावतात, कारण अर्धवट सुटलेल्या पुस्तकांत एकाच अनुवादकाचं नाव दोन-तीनदा निघालं की दोष मूळ लेखकाचा नव्हता हे लगेच कळतं.

सुरू केल्याची तारीख त्याच दिवशी लिहायची. बहुतेक जण फक्त संपल्याची तारीख लिहितात, पण सुरुवातीच्या तारखेशिवाय पुढचा तक्ता काढताच येत नाही. ती आठवूनही लिहिता येत नाही: पुस्तक आवडलं असेल तर ‘दोन दिवसांत संपवलं’ असं वाटतं, प्रत्यक्षात अकरा दिवस लागलेले असतात.

तारे देण्याच्या भानगडीत पडू नका. वर्षाअखेर सगळ्यांना साडेतीन ते चारच तारे पडलेले दिसतात. त्याऐवजी पुस्तक संपल्यावर साधारण महिन्याने, ते न उघडता, एक वाक्य लिहा: काय लक्षात राहिलं? एखादं पात्र, एखादा मुद्दा, एखाद्या जागेचं वर्णन, काहीही. काहीच आठवलं नाही तर ‘काही नाही’ असं लिहा. वर्षाअखेरच्या आढाव्यात या एका वाक्याइतका उपयोगी मजकूर दुसरा नसतो. उतारा टिपून घेतलात तर पान क्रमांकासोबत आवृत्तीही लिहा. पुन्हा अक्षरजुळणी झाली की पानं बदलतात, आणि तिसऱ्या आवृत्तीतलं पान ८७ सातव्या आवृत्तीत ९४ होऊन बसतं. हा तपशील आतल्या शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला असतो. ‘पुनर्मुद्रण’ असेल तर पानं बहुधा तीच राहतात, ‘नवी आवृत्ती’ असेल तर भरवसा नाही.

पानं मोजताना एक सापळा आहे. डेमी आकाराचं पुस्तक साडेपाच बाय साडेआठ इंचांचं, क्राऊन त्याहून बरंच लहान. दोन्ही २०० पानांची असली तरी मजकूर सारखा नसतो. भर मजकुराचं एक पान उघडा, दहा ओळींतले शब्द मोजून सरासरी काढा, तिला पानावरच्या ओळींनी गुणा. समजा डेमीत १० शब्द आणि ३१ ओळी निघाल्या, तर पानाला ३१०. क्राऊनमध्ये ८ शब्द आणि २६ ओळी निघाल्या, तर २०८. म्हणजे २०० पानांत एकीकडे ६२,००० शब्द आणि दुसरीकडे ४१,६००. फरक जवळजवळ दीडपटीचा. शिवाय पहिलं प्रकरण अनेकदा पान ७ किंवा ९ वर सुरू होतं आणि शेवटची चार-सहा पानं प्रकाशकाच्या जाहिरातींची असतात. ती वजा करा. प्रत्येक पुस्तकाचे शब्द मोजायची गरज नाही. पण दोन वर्षांची तुलना करणार असाल आणि एका वर्षात जाड कादंबऱ्या, दुसऱ्यात छोटी ललितबंधाची पुस्तकं असतील, तर हे केल्याशिवाय तुलना करू नका. कवितासंग्रहाला पानांचं माप लावणं व्यर्थ. तिथे किती कविता पुन्हा वाचल्या ते लिहावं. ऐकलेल्या पुस्तकांचे तास वेगळे ठेवा, त्यांची पानं करू नका.

आता टप्पे. इथे लोकांची अडचण उलटी असते: वर्षभरात काय झालं असं विचारलं की तीनच गोष्टी आठवतात, आणि त्यातल्या दोन दिवाळीनंतरच्या. म्हणून आधी दहा मिनिटं नुसत्या आठवणीवर यादी करा, ती बाजूला ठेवा आणि मग पुरावे काढा.

घरातला सर्वांत चांगला पुरावा म्हणजे भिंतीवरची दिनदर्शिका. ‘कालनिर्णय’ १९७३ पासून मराठी घरांच्या भिंतींवर आहे, आणि तिच्या चौकोनांत दुधाचे खाडे, कामवाल्या मावशींचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, भिशी, डॉक्टरची वेळ, पाहुण्यांची गाडी हे सगळं लिहिलेलं असतं. १ जानेवारीला नवी टांगून जुनी रद्दीत टाकली जाते, हा घरगुती इतिहासाचा फार मोठा तोटा आहे. आढावा होईपर्यंत ती राखून ठेवा. गावी गेल्याची तारीख कुठेच सापडत नसेल तर सलग आठ दिवसांचे दुधाचे खाडे ती सांगतात.

त्यानंतर बँकेचं विवरण आणि यूपीआयचा इतिहास. पुस्तकखरेदी, प्रवास, दवाखाना, शाळेची फी, सगळं तारखेनिशी मिळतं. मोबाइलमधले फोटोही कामाला येतात, पण जपून: व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोवर बहुतेक वेळा तो तुमच्याकडे पोचल्याची तारीख पडते, काढल्याची नाही. जुन्या फोनमधून नव्या फोनमध्ये सगळं हलवलं असेल तर कधीकधी शेकडो फोटो एकाच दिवसाचे दिसतात. अशा वेळी तिकीट किंवा पावती यांच्यावर विसंबावं. ग्रंथालयाच्या पुस्तकात शेवटी डकवलेल्या चिठ्ठीवर परतीची तारीख मारलेली असते. पुस्तक परत करण्याआधी तिचा एक फोटो काढून ठेवला की सुरुवात-शेवटाचा अंदाज पक्का होतो.

टप्पा म्हणजे एक तारीख, हा दुसरा गैरसमज. टप्प्याला लांबी असते. गृहकर्ज फिटलं हे घ्या. शेवटचा हप्ता गेला ती एक तारीख. मूळ कागदपत्रं हातात आली ती दुसरी. नोंदणीकृत बोजा उतरला ती तिसरी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत करावी लागतात आणि कर्ज देणाऱ्याकडून उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई देय असते. तेव्हा या तीन तारखा लिहिणं हा नुसता हौसेचा भाग नाही. गाडी चालवायच्या परवान्याचंही तसंच: शिकाऊ परवाना मिळाल्यावर ३० दिवसांनीच पक्क्या परवान्याची चाचणी देता येते आणि शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, म्हणजे हा टप्पा किमान महिन्याचा. घर बदलणं तर सामान हलवल्याच्या दिवसापुरतं कधीच नसतं. बयाणा दिल्यापासून नव्या पत्त्यावर गॅस येईपर्यंत ते चालतं. वाचन बंद पडतं ते या लांबीत.

वर्ष कुठे तोडायचं?

३१ डिसेंबर सोयीचा आहे, पण मराठी वाचकाला तो थोडा अडचणीचाही आहे. दिवाळी अंक ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात आणि ते वाचून संपायला फेब्रुवारी-मार्च उजाडतो. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही सवय हाडीमाशी आहे. अनेक ग्रंथालयं एकरकमी वर्गणीत हे अंक महिनोन् महिने फिरवतात, म्हणजे एकाच हंगामाचं वाचन दोन वर्षांत चिरलं जातं. म्हणून काही जण व्यापाऱ्यांसारखं दिवाळी पाडव्याला वहीचं पान उलटतात. कल्पना चांगली आहे, पण एक हिशेब लक्षात ठेवावा लागतो. २ नोव्हेंबर २०२४ चा पाडवा ते २२ ऑक्टोबर २०२५ चा पाडवा, हे वर्ष ३५४ दिवसांचं. तिथून १० नोव्हेंबर २०२६ चा पाडवा येतो ३८४ दिवसांनी, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. दिवसाला २० पानं वाचणाऱ्याची या ३० दिवसांत ६०० पानं जास्त होतात आणि ‘यंदा वाचन वाढलं’ असा भ्रम होतो. पाडवा ते पाडवा मोजणार असाल तर एकूण पानांना दिवसांनी भागून रोजची सरासरी काढा आणि तीच ताडून बघा. आमचं मत विचाराल तर तक्ता इंग्रजी वर्षाचा, आणि दिवाळी अंकांसाठी वहीच्या मागून सुरू होणारं वेगळं पान. त्यात अंकाचं नाव आणि प्रत्यक्ष वाचलेले लेख-कथा, बस. अडीचशे पानी अंकातले मिळून सत्तर पानांचे तीन लेख वाचून ‘एक पुस्तक’ धरणं हे आकडा फुगवणं आहे.

तक्ता

ए-थ्री आकाराचा मिलिमीटर आलेख कागद घ्या. तो आडवा धरला की रुंदी ४२ सेंटीमीटर. एक मिलिमीटर म्हणजे एक दिवस. वर्ष ३६.५ सेंटीमीटरमध्ये बसतं आणि दोन्ही बाजूंना मिळून साडेपाच सेंटीमीटर समास उरतो. (अधिक महिन्याचं पाडवा-वर्षसुद्धा ३८.४ मध्ये मावतं.) मोठा कागद मिळाला नाही तर शाळेच्या आलेख वहीतले दोन कागद आडवे जोडा. एकाचा कोरा समास कापून त्याच्या चौकटी दुसऱ्याच्या चौकटींवर नेमक्या बसवा आणि चिकटपट्टी मागून लावा. पुढून लावली तर तिच्यावर पेन चालत नाही.

महिन्यांच्या रेघा ओढताना प्रत्येक महिन्याला सरसकट तीन सेंटीमीटर देऊ नका. ३६० वर वर्ष संपतं, पाच दिवस गायब होतात आणि पुढच्या सगळ्या रेघा सरकतात. डाव्या कडेपासून मोजून खुणा अशा करा: ३१, ५९, ९०, १२०, १५१, १८१, २१२, २४३, २७३, ३०४, ३३४, ३६५. लीप वर्ष असेल तर फेब्रुवारीपासून पुढे एक-एक मिलिमीटर वाढवा.

वरचे पाच सेंटीमीटर टप्प्यांसाठी राखा. एका दिवसाचा टप्पा असेल तर उभी खूण, लांबीचा असेल तर आडवी पट्टी. नाव उभं लिहिलं की गर्दी होत नाही. त्याच्या खाली पुस्तकं, प्रत्येकाला एक ओळ, दोन ओळींत चार मिलिमीटर अंतर. सुरुवातीच्या तारखेच्या क्रमाने लावा. चाळीस पुस्तकांना सोळा सेंटीमीटर लागतात, कागदाची उंची २९.७ आहे, तेव्हा जागेची चिंता नाही. सुरुवातीपासून शेवटापर्यंत आडवी रेघ ओढा: ग्रंथालयाचं निळ्या, विकतचं हिरव्या, उसनं आणलेलं काळ्या रंगात. सोडून दिलेलं असेल तर रेघेच्या टोकाला लाल आडकाठी आणि शेजारी पान क्रमांक. आधी एच पेन्सिलने काढा, मग पेन फिरवा. तारखा तपासताना चार-पाच रेघा हमखास हलतात. वही भरलेली असेल तर हे काम दोन तासांत होतं. वही रिकामी असेल तर पुरावे गोळा करण्यातच एक रविवार जातो.

आता हा कागद हातभर लांब धरून बघा. रेघांच्या डाव्या टोकांचा एक जिना झालेला दिसेल. जिना उभा असेल त्या काळात भराभर पुस्तकं सुरू झाली, आडवा पसरला असेल तिथे वाचन थंडावलं. मोजपट्टी उभी धरून कागदावरून डावीकडून उजवीकडे सरकवा आणि ती एका वेळी किती रेघांना छेदते ते मोजा. दोन-तीन असतील तर ठीक. सहा-सात रेघा सलग महिनाभर छेदत असतील तर त्यातल्या निम्म्यांना लाल आडकाठी लागलेली सापडेल.

रेघ लांब आणि पुस्तक पातळ, असं असेल तर दोन शक्यता: पुस्तक मुद्दाम सावकाश वाचलं, किंवा ते उशाशी पडून राहिलं. नुसत्या रेघेवरून हे ओळखता येत नाही. म्हणून ज्या आठवड्यात पुस्तक प्रत्यक्ष उघडलं, त्या आठवड्याला रेघेवर बारीक टिंब द्यायची सवय लावा. १८० पानांची ७० मिलिमीटर रेघ आणि तिच्यावर दहा टिंबं, हा सावकाशपणा. दोनच टिंबं असतील तर तो विसरभोळेपणा.

मोकळ्या जागांना घाईने कारणं चिकटवू नका. पट्टीच्या खाली पोकळी आहे म्हणून टप्प्यामुळेच वाचन थांबलं असं नाही. पोकळीची डावी कड बघा. ती टप्प्याच्या आधीच सुरू झाली असेल तर कारण दुसरं आहे. दरवर्षी त्याच ठिकाणी येणाऱ्या पोकळ्या तर टप्प्यांशी संबंधितच नसतात: बँकेत किंवा हिशेबाच्या कामात असणाऱ्यांचा मार्चएंड, शाळा उघडण्याचा जून, गणपतीचे दहा दिवस, दिवाळीपूर्वीची साफसफाई. शेती करणाऱ्याचा जून-जुलै पेरणीत जातो. या जागा फिक्या पेन्सिलने आधीच रंगवून टाकल्या, की उरलेल्या पोकळ्यांकडे नीट लक्ष जातं. उलट, आजारपणाच्या आणि दवाखान्याच्या पट्ट्यांखाली अनेकदा पोकळीऐवजी रेघांची दाटी असते, कारण बाकावर बसून वाट बघण्याचा वेळ तिथे भरपूर मिळतो. कोणती पुस्तकं तिथे टिकली ते बघण्यासारखं असतं. सहसा छोट्या प्रकरणांची.

लाल आडकाठ्यांची वेगळी मोजणी करा. किती पानं वाचून सोडायचं याचा सरसकट पन्नास पानांचा नियम मराठीत नीट बसत नाही, कारण आपल्याकडे १२० पानी कादंबऱ्या कमी नाहीत. एक-पंचमांश धरा: १२० ला २४, ४०० ला ८०. तिथे थांबायचं असेल तर निःसंकोच थांबा, पण कारण एका शब्दात लिहा: भाषा, अनुवाद, छपाई, वेळ, विषय. ‘वेळ’ हे कारण पाचाहून जास्त वेळा आलं तर ते कारण नाही, सबब आहे. त्या पुस्तकांच्या आडकाठ्यांचे पान क्रमांक बघा. बहुतेक तिशीच्या आत असतील.

खरेदीच्या तारखा तक्त्याखाली हिरव्या ठिपक्यांनी मारा. ठिपक्यांचे ढीग ठरावीक जागी पडतात: साहित्य संमेलनाच्या आसपास, डिसेंबरात पुण्याच्या पुस्तक महोत्सवात, नाहीतर तिथल्याच पुस्तकांच्या दुकानांनी भरलेल्या आप्पा बळवंत चौकात दुसऱ्याच कामाला गेलं असताना. ठिपक्यापासून त्याच पुस्तकाच्या रेघेच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर मोजा. साठ मिलिमीटरच्या आत सुरू झालेली किती आणि वर्षभरात रेघच न लागलेली किती, एवढं लिहिलं तरी पुढच्या महोत्सवात पिशवी हलकी होते.

हेच संगणकावर करणाऱ्यांसाठी थोडं. पानांची बेरीज शून्य येत असेल तर देवनागरी आकडे मजकूर म्हणून साठवले गेले असण्याची शक्यता मोठी. आकड्यांचे आणि तारखांचे रकाने इंग्रजी अंकांत भरा. लेखकांची नावं एका वेगळ्या पानावर एकदाच लिहून तिथून निवडा, दरवेळी टंकू नका. आद्याक्षरांमध्ये जागा सोडली की संगणकाला तो दुसरा लेखक वाटतो. ‘ॲ’ हे अक्षर एकसंधही टंकता येतं आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ यांचंही तसंच: दिसायला एक, आत दोन वेगळे संकेत, त्यामुळे शोध लागत नाही. टोपणनावांचा घोळ वेगळाच. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर ही नावं कविता आणि नाटक अशी वेगवेगळ्या पुस्तकांवर येतात आणि वर्षाअखेरच्या गणतीत एका माणसाचे दोन लेखक होतात. पुस्तकावर जे छापलं आहे ते एका रकान्यात आणि खरं नाव दुसऱ्यात ठेवलं की प्रश्न मिटतो.

तक्त्याचा फोटो समाजमाध्यमांवर टाकणार असाल तर वरची पट्टी आधी वाचून घ्या. मुलाची शाळा, दवाखाना, घराचा पत्ता, प्रवासाच्या तारखा हे सगळं तिथे असतं. फोटो काढताना त्या पाच सेंटीमीटरवर कोरा कागद ठेवा.

शेवटचं काम नव्या वहीतलं. व्यापारी नव्या वहीच्या सुरुवातीला मागची बाकी ओढतो, तसं पहिल्या पानावर चालू पुस्तकं पान क्रमांकासह उतरवा, ग्रंथालयाला परत द्यायची असतील त्यांची तारीख टाका, आणि उसनी दिलेली व उसनी आणलेली पुस्तकं समोरासमोर लिहा. उसन्या पुस्तकाला तारीख नसेल तर ते पुस्तक गेलं असं समजा. मग नव्या आलेख कागदावर, डिसेंबरात पान १४२ वर थांबलेल्या पुस्तकाची रेघ ओढताना ती शून्यापासून सुरू करू नका. ती डावीकडच्या समासातून आत आणा.